मोहदरी घाटातली शिट्टी

ती गाडी दारात आणून उभी केली तेव्हा माझ्या बायकोने एकच प्रश्न विचारला, "ही उलटी का आहे?"

उलटी, कारण स्टेअरिंग डाव्या हाताला होतं. आखातातून परतलेल्या एका इंजिनियरने ती जपानी गाडी ऐंशीच्या दशकात बोटीतून आणली होती. काही वर्षं त्याने ती नाशिकभर मिरवली आणि गुडघे दुखायला लागल्यावर मला विकली. दोन दारं, लांबलचक नाक आणि नाकावर उघडमीट करणारे दोन दिवे. त्यातला उजवा एकदा मिटला की उघडायला तयार नसे. त्यामुळे नाशिकरोडच्या चौकात थांबलो की गाडी समोरच्याला डोळा मारतेय असं दिसायचं. एकदोन बायकांनी माझ्याकडे रागाने पाहिलं. एका गृहस्थांनी उलट डोळा मारला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला होतो आणि उरलेल्या वेळात हौशी नाटकांत कामं करायचो. आमचे दिग्दर्शक म्हणायचे, "तुझं वाक्य शेवटच्या रांगेत पोहोचायच्या आधी तुझा चेहरा पोहोचतो. जरा आवर." मला ती स्तुती वाटायची. ती तक्रार होती, हे कळायला एक गाडी आणि एक माणूस खर्ची पडला.

गाडी घेतली ती टर्बोसाठी. धुराड्यातून वाया जाणाऱ्या गरम हवेवर एक छोटं चाक फिरतं आणि ते चाक इंजिनात जास्तीची हवा कोंबतं, एवढाच तो प्रकार. पण पायाखालचा दट्ट्या दाबला की बॉनेटखालून एक बारीक शिट्टी चढत जायची, काचेच्या बांगडीवरून कोणी ओलं बोट फिरवावं तशी, आणि मग पाठीत हात घालून कोणीतरी ढकलल्यासारखी गाडी सुटायची. मोहदरी घाटात सिन्नरच्या बाजूला चढताना मी ट्रकांच्या आख्ख्या रांगा मागे टाकायचो. म्हणजे टाकायचो, पण शेजारी बसलेल्याच्या जिवावर. स्टेअरिंग डावीकडे असल्यामुळे समोरून काय येतंय ते मला दिसायचंच नाही. उजवीकडच्याने मान बाहेर काढून सांगायचं, "चला" किंवा "मेलो". बायकोने हे काम दोनदा केलं आणि तिसऱ्यांदा एसटीने गेली.

घेतल्यानंतर वर्षभराने शिट्टी राहिली, पण ढकलणारा हात गेला. मोहदरी घाटात कांद्याच्या ट्रकने मला मागे टाकलं. कांद्याच्या, भरलेल्या. ट्रकच्या क्लीनरने खिडकीतून वाकून विचारलं, "टोचन करू का?" दोरी बांधून ओढून नेऊ का, असं. मी तसाच माघारी वळलो आणि थेट नाशिकच्या द्वारका चौकापुढच्या मिस्त्रीकडे गेलो.

या मिस्त्रीबद्दल आधी सांगायला हवं, कारण गोष्ट गाडीची कमी आणि त्याची जास्त आहे.

तो मूळचा सायखेड्याचा. गोदाकाठच्या डिझेल इंजिनांवर आणि ट्रॅक्टरांवर हात बसवून शहरात आला होता. माझी गाडी बिघडली तेव्हा त्याने पन्नाशी ओलांडलेली. त्याची ख्याती हातापेक्षा कानाची होती. एक लांब सळई इंजिनावर टेकवायची, दुसरं टोक कानामागच्या हाडाला लावायचं, डोळे बारीक करायचे आणि सांगायचं, "तिसऱ्या नंबरचा व्हॉल्व्ह." खोलून बघावं तर तिसऱ्या नंबरचाच. आमच्याकडे जुना ट्रक घेणारा माणूस आधी गाडी मिस्त्रीला 'ऐकवायचा'. सौदा तोंडी ठरलेला असायचा, घेणारा-देणारा दोघंही गॅरेजात उभे, पिशवीत नारळ तयार. पण मिस्त्रीने मान डोलावल्याशिवाय तो नारळ फुटायचा नाही. सटाण्यापासून माणसं यायची. त्याचं घर, त्याचा मान, सगळं त्या मान डोलावण्यावर उभं होतं.

आणि नेमकं त्या वर्षी कुजबुज सुरू झाली होती. त्याने मान डोलावलेला एक ट्रक महिन्याभरात चांदवडच्या घाटात बसला होता. मग एक ट्रॅक्टर बसला. सटाण्याचा एक कांद्याचा व्यापारी होता, आडवातिडवा, हसतमुख, तीन ट्रक मिस्त्रीच्या कानावर घेतलेला. आता त्याला आणखी दोन घ्यायचे होते. तो गॅरेजात बसून चहा पिता पिता सगळ्यांसमोर आपल्या अहिराणीत म्हणाला, "मिस्त्री, तुमना कान बरा शे ना?"

हसत म्हणाला, पण म्हणाला. आणि त्याच क्षणी मी माझी डोळा मारणारी गाडी घेऊन दारात उभा.

मिस्त्रीने माझ्याकडे बोट केलं. "ही बघा विलायती. टरबो हाय हिला. अख्ख्या नाशकात कुनी हात लावत नाय. हिला मी बरी करतो, तुम्हाला मागं बसवून मोहदरी घाट चढवतो. नाय चढवला तर कान गेला समजा."

व्यापारी म्हणाला, "हाई गाडी घाट चढनी, की मन्या दोन्ही ट्रका तुम्हीच ऐका."

झालं. माझ्या बिघडलेल्या गाडीवर एका माणसाची उरलेली जिंदगी टांगली गेली, आणि मी आपला खूश, की आता लक्ष घालून काम होणार.

लक्ष घालून कसं, ते बघा. मिस्त्रीची पद्धत अशी की गिऱ्हाइकाला बॉनेटच्या पलीकडे, आपल्या समोर उभं करायचं. इंजिन चालू. स्वतः वाकून सळई कानाला लावायची, आणि नजर गिऱ्हाइकावर. मला वाटायचं, ही ऐट आहे. मोठे गवई नाही का श्रोत्यांकडे बघून गातात.

पहिल्या दिवशी मी समोर उभा होतो. त्याने सळई टर्बोला टेकवली, म्हणाला, "रेस द्या." मी पुढे वाकून केबल ओढली आणि माझं मनगट तापलेल्या पाइपाला लागलं. माझा चेहरा काय झाला असेल ते मीच जाणे. मिस्त्री ताडकन सरळ झाला.

"घावलं! टरबोचं बेअरिंग!"

टर्बो उतरला. बेअरिंग म्हणजे त्यात पितळेच्या दोन बारक्या नळ्या असतात, त्यांना बुश म्हणतात. त्यांच्यात तेल भरतं आणि त्या तेलावर तो दांडा फिरतो, मिनिटाला हजारो फेरे. आमच्या एकलहऱ्याच्या टर्बाइनला जे जपतात तेच इथे जपायचं: तेल बंद होऊ द्यायचं नाही आणि तोल बिघडू द्यायचा नाही. बुश मला तर चांगले दिसले. मिस्त्रीला बोटाने खेळ जाणवला. अंबडच्या एका लेथवाल्याकडून नवे बुश कातून आणले. दांड्यावरचं चाक आणि वरचा नट पुन्हा जिथल्या तिथे बसावेत म्हणून मी घरून बायकोची नेलपॉलिश आणली आणि तिघांवर लाल टिपके दिले. बायको म्हणाली, "माझ्या बोटांना लावायला कधी आणली नाहीस."

गाडी जोडली. घाटात नेली. जैसे थे.

दुसऱ्यांदा समोर उभा राहिलो तेव्हा पुढच्या आठवड्यात आमचा प्रयोग होता. मी मुलगा गमावलेल्या बापाचं काम करत होतो आणि मनातल्या मनात संवाद म्हणत होतो. मिस्त्रीने सळई लावली, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याचाच चेहरा पडला.

"लय वाईट आवाज हाय, साहेब."

"मला नाही वाटत."

"तुम्हाला काय कळतंय. तुम्हाला आतून कळतंय, पर बाहेरून कळत नाय."

हे वाक्य मला तेव्हा फार खोल वाटलं होतं. टर्बो पुन्हा उतरला.

तिसऱ्यांदा मी आजारपणाची रजा टाकून गॅरेजात आलो होतो. इंजिन चालू, सळई कानाला, आणि समोरच्या रस्त्याने माझे साहेब स्कूटरवरून येताना दिसले. मी बॉनेटच्या आड बसलो. मिस्त्री ओरडला, "बंद करा! बंद करा! फुटंल!"

टर्बो तिसऱ्यांदा उतरला. या वेळी मिस्त्रीने तो इतक्या मनापासून थिनरने धुतला की नेलपॉलिशचे टिपकेही धुऊन निघाले. चाक, नट आणि दांडा एकमेकांशी कसे होते ते आता कोणालाच माहीत नव्हतं. त्याने अंदाजाने बसवलं. "बसतंय बरूबर," म्हणाला. टर्बाइनच्या दांड्याला केसभराचा तोल बिघडला तर काय होतं ते मला आमच्या केंद्रात पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. तरी गप्प बसलो. त्याच्यासमोर तसं बोलणारा मी कोण?

गाडी जैसे थे.

आता या सगळ्याचा उलगडा आमच्या स्वयंपाकघराने केला. एका रविवारी मिस्त्री गाडीची चावी द्यायला घरी आला. बायकोने आग्रहाने जेवायला थांबवलं. आमचं स्वयंपाकघर म्हणजे बैठकीचाच कोपरा. मिस्त्री सायखेड्याच्या पुरात इंजिनं कशी वाचवली ते सांगत होता. मध्येच कुकरची शिट्टी झाली. मी थांबलो, पोरगी थांबली, बायको गॅसकडे वळली. मिस्त्री बोलत राहिला. दुसरी शिट्टी, तिसरी. तो बोलतच होता.

तो गेल्यावर बायको भांडी आवरताना म्हणाली, "मिस्त्रींना शिट्टी ऐकू येत नाही."

"काहीतरीच. आपण बोलतो ते सगळं ऐकतो तो."

"बोलणं ऐकतात. तेही तोंडाकडे बघून. कुकर वाजला की माणूस आवाज चढवतो. त्यांनी चढवला नाही. त्यांच्यासाठी कुकर वाजलाच नव्हता."

मी हातातलं ताट खाली ठेवलं. मनगटाचा चटका आठवला. मुलगा गमावलेला बाप आठवला. स्कूटरवरचे साहेब आठवले. तीनदा टर्बो उतरला होता आणि तिन्ही वेळा त्याने ऐकला होता तो माझा चेहरा. आयुष्यभर डिझेल इंजिनांशेजारी उभं राहून त्याच्या कानातली बारीक आवाजांची वरची पट्टी झिजून गेली होती, आणि तो गिऱ्हाइकाच्या कपाळावरच्या आठ्यांवरून बिघाड शोधत होता. शेतकऱ्याचा, ट्रकवाल्याचा चेहरा खरा असतो. खराब आवाज आला की त्याचं तोंड आपोआप वाकडं होतं. त्यांच्यावर त्याची विद्या बरीचशी चालूनही गेली असेल. आणि मग नशिबाने त्याच्यासमोर उभा केला मला!

मी हसत सुटलो. खरं सांगतो, पहिल्यांदा हसूच आलं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बायको बघत राहिली. म्हणाली, "हसतोस काय? त्यांचं पोट आहे त्यावर."

मग हसू थांबलं.

"सांगू त्याला?"

"काय सांगशील? आणि तो व्यापारी कधी येणार आहे?"

"त्याला दिवस सांगून झालाय. पंधरा दिवसांनी."

मग बऱ्याच वेळाने गॅसचा सिलिंडर बदलताना, रेग्युलेटरभोवती साबणाचा फेस लावत म्हणाली, "तुमच्या त्या टर्बोची हवा जाते कुठून ते असं का नाही बघत?"

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजात गेलो आणि हे आपल्याला सुचलं असं दाखवून साबणाचं पाणी करवलं. मिस्त्रीने पंक्चरवाल्याकडची हवेची नळी आणली. टर्बोपासून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी पाइपात हवा भरली आणि फेस लावला. एका क्लॅम्पच्या खाली, नखाएवढ्या चिरेतून बुडबुडे फुलून आले. गाडी उभी असताना ती चीर मिटलेली असायची. घाटात दाब वाढला की उघडायची आणि सगळी हवा बाहेर. टर्बोला पहिल्या दिवसापासून काहीही झालेलं नव्हतं.

मिस्त्री त्या बुडबुड्यांकडे बघत राहिला. मला वाटलं, आता तो काहीतरी बोलेल. तो एवढंच म्हणाला, "हे डोळ्यांनी दिसलं."

"डोळ्यांनी तर डोळ्यांनी," मी म्हणालो.

पाइप बदलला. एका ट्रकच्या रेडिएटरचा पाइप कापून चपखल बसवला. गॅरेजच्या आवारात रेस दिली तर टर्बोचा दाब दाखवणारी सुई वर गेली. मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं, मी हसलो, तो हसला. गॅरेजात पुन्हा चहा झाला. पण एक गोष्ट मला आवडली नव्हती. शिट्टीच्या मागे एक दुसरा आवाज होता, पातेल्याच्या बुडावरून चमचा ओढावा तसा, अगदी पुसट. तीनदा खोललेल्या, अंदाजाने जोडलेल्या त्या दांड्यावर आता पहिल्यांदाच पुरा भार येणार होता.

मी स्वतःला सांगितलं, एवढा एक घाट. एक घाट चढेल. मग बघू.

आणि मी तयारी केली. घरी आरशासमोर, अगदी रंगीत तालमीसारखी. ठरवलं की त्या दिवशी काहीही झालं तरी चेहरा हलवायचा नाही. प्रसन्न, शांत, जरा अभिमानी. गाडी उत्तम चालल्यावर मालकाचा असतो तसा. दिग्दर्शकांनी वर्षानुवर्षं सांगितलेलं आवरणं मी पंधरा दिवसांत साधलं. बायको म्हणाली, "छान दिसतंय. पण कशाला?"

"मिस्त्रीची लाज राखायला."

ठरलेल्या सकाळी व्यापारी आला. त्याला मागच्या सीटवर बसवणं हा वेगळाच खेळ होता. दोन दारांच्या गाडीत मागची सीट नावापुरती. पुढची सीट वाकवून आम्ही त्याला आधी एक पाय, मग पोट, मग दुसरा पाय असं हप्त्याहप्त्याने आत घातलं. गुडघे हनुवटीला टेकले. तो म्हणाला, "जन्मताना बी इतला तरास व्हयना नही." मिस्त्री माझ्या उजवीकडे, स्टेअरिंग नसलेल्या जागी ताठ बसला. धुतलेला पांढरा सदरा घातला होता. सिन्नर फाट्यावर ट्रॅफिक हवालदाराने त्याच्याच खिडकीत येऊन लायसन्स मागितलं आणि स्टेअरिंग न दिसल्यामुळे दोन पावलं मागे सरकला. आम्ही तिघंही हसलो. एवढी आनंदी सकाळ त्या गाडीने आधी पाहिली नव्हती.

घाट लागला. मी दट्ट्या दाबला. शिट्टी चढली, हात परत आला, तोच हात, पाठीतला! व्यापारी मागे "आहा!" म्हणाला. एक ट्रक मागे गेला, दुसरा गेला. मिस्त्री मान बाहेर काढून "चला, चला" म्हणत होता.

पहिल्या वळणावर तो चमचा पातेल्यावर घासला. आता पुसट नव्हता. मी माझा चेहरा लावला. प्रसन्न, शांत.

दुसऱ्या वळणावर चमच्याची सुरी झाली. मागून व्यापारी म्हणाला, "हाऊ कसाना आवाज शे, मिस्त्री?"

मिस्त्रीला सगळं ऐकू आलं नसावं, पण आवाजाबद्दल विचारलंय एवढं कळलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे बघून मंद हसलो. आयुष्यात इतकं संयत काम मी कधी केलं नव्हतं. तो मागे वळला आणि छाती भरून म्हणाला, "आवाज? एकदम साफ! लोन्यावानी चाललीय!"

थांबता आलं असतं. पाय उचलला असता तर टर्बो वाचला असता. पण वर पोहोचायला दोनच वळणं राहिली होती आणि मला वाटलं, पोहोचलो की जिंकलो. मी पाय तसाच ठेवला.

मग टर्बो किंचाळला. दुसरा शब्द नाही. रस्त्याच्या कडेने एक मेंढपाळ मेंढ्या घेऊन चालला होता. त्याने काठी काखेत मारली आणि दोन्ही हात कानांवर ठेवले.

मिस्त्रीने ते पाहिलं. खिडकीतून तो मेंढपाळ मागे जाईपर्यंत तो वळून बघत राहिला. मग माझ्याकडे वळला. मी अजून हसत होतो. चेहरा उतरवायचं मला सुचलंच नाही.

त्यानंतर बॉनेटखाली काहीतरी फुटलं, ढकलणारा हात एकदम सुटला आणि मागे निळ्या धुराचा एवढा मोठा पडदा पसरला की मेंढ्याही दिसेनाशा झाल्या. मी गाडी कडेला घेतली. इंजिन स्वतःच बंद पडलं.

आम्ही व्यापाऱ्याला बाहेर काढलं, आत घातला होता त्याच्या उलट क्रमाने. तो भला माणूस. चांदवडच्या ट्रकबद्दल, कानाबद्दल, कशाबद्दलही बोलला नाही. मिस्त्रीच्या खांद्यावर हात ठेवला, आम्हा दोघांना नमस्कार केला आणि खाली उतरणाऱ्या एसटीला हात दाखवून निघून गेला. त्याने दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

मिस्त्रीने बॉनेट उघडलं नाही. कठड्यावर बसला.

"कवापासून वाजत होतं, साहेब?"

"पहिल्या वळणापासून."

"आन् तुम्ही हसत होता."

मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो, त्याला माझे ओठ दिसतील असा. "मिस्त्री, मला ठाऊक होतं. कुकरच्या दिवसापासून. तुमचं नाव जाऊ नये म्हणून..."

"नाव?" तो म्हणाला. रागावला नव्हता. एखाद्या मठ्ठ माणसाला समजवावं तसं सांगत होता. "तुम्ही नुसतं तोंड वाकडं केलं असतं ना साहेब, तर मी म्हनलो असतो, थांबवा, बुश चाललंय. चालू गाडीत, घाटात, सटान्याच्या मानसासमोर. तो म्हनला असता, काय कान हाय मिस्त्रीचा! गाडी बी वाचली असती, मी बी. मी तुमच्या तोंडाकडं बघून बोललो."

रंगभूमीवर मी बरेच प्रयोग पाडले आहेत, पण पडदा पडल्यावर कोणाचं घर पडल्याचं आठवत नाही.

ती बातमी आमच्याआधी द्वारकेला पोहोचली. व्यापाऱ्याने सांगितली नसणार. मला वाटतं, कोणाला सांगावीच लागली नाही; घाटातल्या प्रत्येक ट्रकवाल्याने तो धूर पाहिला होता. त्यानंतर गॅरेजात नारळाची पिशवी घेऊन कोणी आलं नाही. मी मिस्त्रीला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून आलेख काढला. रेघ अर्ध्यापर्यंत बरी चालली होती आणि मग घाट उतरावा तशी खाली गेली होती. गेलेलं परत येणार नाही, म्हणाले, यंत्राने बोलणं जरा मोठं ऐकू येईल. यंत्र बसवलं. मिस्त्रीने ते आठ दिवस लावलं. म्हणाला, "यात पंखा, मानूस आन् इंजिन, सगळे एकाच आवाजात बोलतात." आणि खिशात ठेवून दिलं. वर्षभर ब्रेक आणि क्लचची कामं केली, मग गॅरेज दुसऱ्याला देऊन सायखेड्याला निघून गेला.

गाडीच्या टर्बोचे तुकडे इंजिनात गेले होते. सुटे भाग इथे मिळत नव्हते, आणि मिळाले असते तरी कोणाकडे द्यायची? आमच्या क्वार्टरसमोर ती दोन पावसाळे उभी राहिली. चाकं जमिनीत गेली. शेवटी मालेगावहून भंगारवाले आले आणि त्यांनी ती तिथेच कापून टेम्पोत भरली. बायकोने पाहिलं नाही, आत कुकर लावत होती. मी पूर्ण वेळ उभा राहून पाहिलं.

त्याच हिवाळ्यात मी सायखेड्याला गेलो. मिस्त्री अंगणात द्राक्षाच्या फवारणीचा पंप खोलून बसला होता. मला बघून त्याला आनंद झाला, हे नक्की. चहा सांगितला. मी त्याच्या अगदी समोर बसलो, आता सवय झाली होती. गाडी गेली म्हणून सांगितलं. तो मान हलवत राहिला. मग पंपाचा वॉशर हातात फिरवत म्हणाला, "साहेब, एक इचारू? घाटातला तो आवाज. कसा होता?"

मी सांगायला लागलो. पातेल्यावर चमचा, मग सुरी. त्याला ते कळलं नाही. म्हणाला, "काढून दाखवा." मी उभा राहिलो आणि त्या अंगणात, जमेल तेवढा जीव लावून, तो आवाज तोंडाने काढला. घासणं, चिरणं, किंचाळणं, शेवटचं फुटणं. शेजारच्या घरातून बायका दारात आल्या. गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. घामाघूम झालो.

मिस्त्री एकटक माझ्या तोंडाकडे बघत होता, सळई लावून बघायचा तसाच. मी थांबल्यावरही बघत राहिला.

"नाय," तो म्हणाला. "कळत नाय. पहिलं तुमच्या तोंडावरून काहीतरी कळायचं. आता तुम्ही खरं करताय का खोटं, तेच कळंना."

त्याने वॉशर तेलात बुडवला, पंपात बसवला आणि चहा थंड होतोय असं मला हाताने दाखवलं.